डब्लिनची जागा कुणी सोडली?

१

"जोतिबा, माझ्या पोरीच्या गळ्यावर कुणीतरी सुरी फिरवली रं!"

इलाही मुलाणी हे ओरडतच आमच्या ओट्यावर चढला आणि माझा चहा बशीसकट लुंगीवर सांडला. मी चटका विसरून बघतो तर त्याची पोरगी सुमैरा त्याच्यामागं धडधाकट उभी.

"गाढवा, पोरगी तर तुझ्या पाठीशी हाय. सकाळी सकाळी वकिलाच्या दारात खुनाची वर्दी देतोस?"

"खूनच ह्यो! तिची डब्लिनची जागा कुणीतरी सोडून दिली. तिच्या नावानं, तिला न विचारता."

मी खंडाळ्याच्या कोर्टात वकिली करतो. इलाही माझा लोणंदच्या शाळेतला वर्गमित्र, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. दारावर पाटी माझी असली तरी अशी प्रकरणं घेऊन येणारा माणूस माझ्याकडं येत नाही. तो माझ्या बायकोकडं येतो. अंजना पोलिसात फौजदार होती. निवृत्त झाली, पण माणसाच्या तोंडाकडं बघायची सवय काही गेली नाही. आमच्या घरात मी कपाटातला लाडू खाल्ला तरी तपास लागतो.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "बस सुमैरा. पहिल्यापास्नं सांग. आणि इलाहीभाऊ, तुमी जरा दम धरा."

सुमैराची मला आधीपासून माहिती होती, आणि खरं सांगतो, त्या पोरीचं मला लय कौतुक. परदेशी जाऊन धंद्याचं उच्च शिक्षण घ्यायचं तिनं ठरवलं, तेव्हा ती चकचकीत फोटोंना भुलली नाही. तिथं शिकून गेलेल्या पोरांना हुडकून हुडकून फोन केले. नोकरी खरंच लागली का, मोठ्या नावाचा प्राध्यापक वर्गावर येतो का नुसता पुस्तिकेत हसतो, आजारी पडलं तर दारात कोण येतं, असं सगळं विचारलं. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. फ्रान्समधल्या लील गावच्या संस्थेचं नाव मोठं, पण तिथं सगळा भर बँकांच्या कारभारावर. डब्लिनची संस्था क्रमांकात खाली, पण तिथं शेतमालाचा आणि लोकरीचा धंदा शिकवत होते. आपल्याकडं मेंढ्यांची लोकर उकिरड्यावर जाते, तिचं सोनं करायचं हे सुमैराच्या डोक्यात पक्कं. त्यात डब्लिनला फी माफ. इलाही तर छाती फुगवून सांगायचा, "जनावर घेताना दात बघावंत, रंगवलेली शिंगं न्हाईत. माझ्या पोरीनं दात बघितले."

आणि आता हे.

"रविवारी मामेबहिणीचा निकाह होता, म्हणून मी शनिवारीच सांगलीवरनं लोणंदला आले," सुमैरा म्हणाली. "लॅपटॉप विश्रामबागेतल्या खोलीवरच होता. सोमवारी होकार द्यायची शेवटची तारीख. अब्बांना मी बटण दाबताना बघायचं होतं, म्हणून आमी दोघं पेढे घेऊन सांगलीला गेलो. उघडून बघते तर काय! 'तुम्ही जागा सोडल्याचं कळलं. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.' रविवारी संध्याकाळीच कुणीतरी नकार कळवलेला."

"तू त्यांना लिहिलंस?"

"लगेच. ते म्हणतात, जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली. त्यानं आठवड्यात नाही म्हटलं तरच काही करता येईल." ती अंजनाकडं वळली. "काकी, फीमाफी गेली तर मी कुठंच जात न्हाई. अब्बा कळप विकायला निघालेत, ते मला नको."

"लॅपटॉप कोण कोण उघडू शकतं?"

"माझी मैत्रीण सोनिया, आमी एकाच खोलीत राहतो. अर्ज भरून देणारे विश्वजीतदादा, त्यांच्याकडं माझं खातं हाय. आणि माझा भाऊ नईम. रविवारी सकाळी माझे कपडे आणायला तो खोलीवर गेलेला."

"त्याला पासवर्ड कसा माहीत?"

सुमैरानं मान खाली घातली. "लॅपटॉपवरच चिकटवलाय."

माझ्या फौजदारणीनं कपाळाला हात लावला, आणि मग आत वळून हाक दिली, "आवं, गाडी काढा. सांगलीला जायचंय."

२

वाटेत माझा निकाल तयार झाला. "विश्वजीत! ह्या एजंट लोकांना मोठ्या संस्थांकडनं कमिशन मिळतं. डब्लिन पाडायचं आणि पोरीला लीलला ढकलायचं. उघडं गणित हाय."

"तुमची गणितं कोर्टात पण उघडीच पडत्यात," अंजना म्हणाली. मागच्या सीटवर सुमैरा त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

विश्वजीतचं ऑफिस विश्रामबागेत, भिंतीवर जगातल्या पुलांचे आणि घड्याळांचे फोटो. पोरगा घामाघूम झाला होता. "मॅडम, लीलचं कमिशन जास्त मिळतं, हे मी लपवत नाही. पण शपथेवर सांगतो, मी हात लावलेला नाही."

अंजनानं एकच विचारलं. "लीलला होकार गेला होता का?"

"नाही. ती जागा अजून तशीच पडून आहे."

"बरं," ती म्हणाली आणि उठली. बाहेर येऊन मला समजावलं, "कमिशनसाठी केलं असतं तर त्याच बैठकीत लीलला होकार दिला असता. एक ताट काढून घेतलं आणि दुसरं वाढलंच न्हाई, असा कुठला वाढपी असतो?"

माझं गणित गेलं वाऱ्यावर.

मुलींची खोली रंगुबाई नावाच्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर होती. सोनिया नव्हती. "ती गावाकडं गेली, आटपाडीकडं," रंगुबाई म्हणाल्या. "पोरगी दोन दिस झालं जेवली न्हाई धड. रविवारी सांच्याला मात्र लय खुशीत हुती. रडत बी हुती आन् हसत बी हुती. मला म्हणली, मावशी, बिरोबाला नारळ फोडून आले, सुमैराच्या नावानं."

"सुमैराच्या नावानं?" अंजनानं परत विचारलं.

"व्हय. आमी धनगराची माणसं, काय चांगलं घडलं की देवाकडं पळतो."

सोनियाही धनगराचीच. तिचा बाप भाऊसो कोळेकर मेंढरं राखतो आणि लोणंदच्या बाजारात इलाहीलाच विकतो. तिथंच ह्या दोन पोरी लहानपणी एकमेकींना भेटल्या, आणि पुढं सांगलीला एकत्र शिकल्या.

खोलीत सोनियाच्या टेबलावर डब्लिनची पुस्तिका होती. मुखपृष्ठावरच्या इमारतीवर लाल रंगाचा जाड पट्टा ओढलेला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"हा कुणी ओढला?" अंजनानं विचारलं.

"मीच. माझं डब्लिन ठरलं ना, म्हणून. शनिवारी निघताना सोनियाच्या टेबलावर ठेवलं. पहिलं तिलाच कळावं म्हणून. ती क्लासला गेलेली, म्हणून फोनवर म्हटलं, टेबलावर ठेवलंय बघ."

"पुढं काय बोलणं झालं त्यावर?"

"काहीच न्हाई. लग्नाच्या गडबडीत राहून गेलं. आणि सोमवारी तर अब्बा आरडाओरडा करत होते, ती नुसती कोपऱ्यात उभी राहिली. एक शब्द बोलली न्हाई."

अंजनाचं लक्ष सुमैराच्या पलंगाकडं गेलं. तिथं एक काळी, नवीकोरी घोंगडी घडी घालून ठेवली होती. हातानं विणलेली, काठाला पांढरी रेघ.

"ही तर माझी न्हाई," सुमैरा पुढं झाली. "ही सोनियाची. तिच्या वडलांनी तिच्यासाठी विणून घेतलेली. परदेशात थंडी असती म्हणून जपून ठेवलेली. माझ्या पलंगावर कशी?"

"मनाला खाल्लं असंल," मी म्हणालो. "केल्या कर्माची भरपाई."

"मनाला खाल्लं की माणूस पेढा देतो, ओढणी देतो," अंजना घोंगडीवरून हात फिरवत म्हणाली. "परदेशी जायची ठेवणीतली घोंगडी देत न्हाई. सुमैरा, सोमवारनंतर तिचा काही निरोप?"

सुमैरानं नाइलाजानं मोबाइल काढला. "मी रागात होते. फोन घेतला न्हाई. मग हा मेसेज आला."

त्यात एवढंच होतं. 'काळजी करू नको. मी मरेपर्यंत कुणाला सांगणार न्हाई.'

"धमकी!" मी ओरडलो.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. विश्वजीत धापा टाकत दारात आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, आत्ता डब्लिनहून मेल आला. सुमैराची जागा ज्या पुढच्या नावाला गेली, तोही अर्ज माझ्याच ऑफिसातून भरलेला होता." त्यानं सुमैराकडं बघायचं टाळलं. "सोनिया कोळेकर."

३

दुसऱ्या दिवशी लोणंदला बाजार होता. इलाहीला रात्रीच सगळं कळलं होतं आणि तो पेटला होता. माझंही डोकं तापलेलं. एका ताटात जेवणारी पोर, आणि असं करावं? मी अंजनाला म्हटलं, आता तपास कसला करायचा राहिलाय, पोलिसात देऊ. ती म्हणाली, "अजून नईम राहिलाय."

नईम बाजाराच्या तोंडाशी सापडला. अंजनानं विचारताच गडी चाचरायला लागला. रविवारी खोलीवर काय करत होता, काही सांगेना. मी वकिली आवाज काढला, तसा तो दुकानामागं गेला आणि एक भलीमोठी निळी सुटकेस ओढत आणली.

"तिच्या कपाटातल्या सामानाचा अंदाज घेत होतो, काका. केवढी बॅग लागंल म्हणून. ती निघायच्या दिवशी द्यायची होती. आता कुणाला देऊ?" एवढा दाढी-मिशीवाला पोरगा, डोळे पुसायला लागला. सोनिया सोडून माझ्या मनातला शेवटचा संशयित असा वाहून गेला. राहिली ती सोनिया.

आणि सोनिया बाजारातच होती. बापाबरोबर आली होती, डोक्याला पटका बांधलेल्या भाऊसोच्या मागं उभी. भाऊसोची मेंढरं इलाहीच्या माणसांनी नेहमीप्रमाणं सकाळीच घेऊन रंगवली होती. पण इलाही आला आणि गर्दीसमोर गरजला, "भाऊसो, आजपास्नं तुझा माझा व्यवहार संपला! तुझी पोरगी चोर निघाली!"

भाऊसोनं काठी जमिनीवर आपटली. "इलाही, माझ्या पोरीला चोर म्हणायच्या आधी मला मारून टाक," तो म्हणाला. सोनिया पुढं झाली, तिचे ओठ हलले, पण तिची नजर सुमैराकडं गेली आणि तिनं तोंड मिटून घेतलं. बघणाऱ्याला वाटावं, गुन्हा कबूल केला.

अंजना शांतपणे दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. समोर एक मेंढी होती, पाठीवर लाल पट्टा ओढलेली. तिनं इलाहीला विचारलं, "ही कुणाची?"

"वैनी, ही काय येळ हाय का?"

"सांगा तर."

"रंग दिसंना का? माझी."

ती भाऊसोकडं वळली. तीच मेंढी, तोच पट्टा. "भाऊसो, ही तुमची का वो?"

"आवं ताई, रंग दिसंना का? गेली ती. रंग लागला की आमी तिच्याकडं बघत बी न्हाई. परक्याची झाली."

अंजनाचा चेहरा असा उजळला की मी समजून चुकलो, हिला सापडलं. मला मात्र काहीच सापडलं नव्हतं. एक मेंढी विकली गेली, हे सांगायला फौजदार कशाला पाहिजे?

"सगळे इलाहीभाऊंच्या घरी चला," ती म्हणाली. "कुणी चोरी केलेली न्हाई."

४

इलाहीच्या बायकोनं, रहिमतबीनं, सगळ्यांना पाणी दिलं. भाऊसोनं ते घेतलं नाही. तो उंबऱ्याशी उभाच राहिला. विश्वजीतलाही बोलावलं होतं, तो सांगलीहून येऊन पोचला होता.

अंजना सोनियाच्या शेजारी जाऊन बसली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, सुमैरानं तुझ्यासाठी जागा सोडली, व्हय ना?"

सोनिया दचकली. तिनं सुमैराकडं बघितलं आणि तिला हुंदका फुटला. "तूच सांगितलंस का गं? मी तर कुणालाच बोलले न्हाई. देवाशपथ न्हाई बोलले."

"मी कवा जागा सोडली?" सुमैरा ताडकन उठली.

"तू पुस्तिकेवर रंग ओढून माझ्या टेबलावर ठेवलीस की!"

मग इलाहीनं हळूच डोक्यावरची टोपी काढली. त्याला कळलं होतं. भाऊसोलाही कळलं, तो उंबऱ्यावरच खाली बसला. जन्म त्या रंगात गेलेली माणसं. माझ्यासारख्या वकिलाला मात्र अंजनाला फोड करून सांगावं लागलं.

"सुमैरा व्यापाऱ्याची मुलगी," ती म्हणाली. "तिनं लहानपणापास्नं बापाला बघितलं. जनावर पसंत पडलं, सौदा झाला, की पट्टा ओढायचा. रंग लागला म्हणजे आपलं झालं. सोनिया मेंढपाळाची. तिनं पण तोच पट्टा बघितला, पण मेंढरांच्या वाड्याच्या आतनं. आपण वाढवलेलं कोकरू, त्याच्या पाठीवर रंग आला की ते आपलं न्हाई. दुसऱ्याला देऊन टाकलं. मग मैत्रीण जिवापाड जपलेल्या जागेवर रंग ओढते, आणि ती तुमच्या टेबलावर ठेवते. तुमाला काय वाटंल?"

सोनिया डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, हिनं मला देऊन टाकली. यादीत पुढं माझंच नाव हाय, हे मी हिला बोलले नव्हते, पण वाटलं, हिला कुठनं तरी कळलं असंल. बटण दाबायचं हिच्या हातून होईना म्हणून माझ्यावर सोडून गेली. हिची लॅपटॉपवरची टायपिंगची कामं एरवी मीच करते. म्हणून मीच दाबलं. किती वेळ हात पुढं होईना, काकी. मग बिरोबाला गेले, तिच्या नावानं नारळ फोडला. एवढं कोण कुणाला देतं? माझ्याकडं द्यायला घोंगडीशिवाय काय होतं?"

"आणि मी सोमवारी रडत होते तेव्हा?"

"मला वाटलं, बापाला कळू नये म्हणून तू सोंग करतीस. मैत्रिणीसाठी एवढं सोडलं हे चाचांना कळलं तर तुला मारतील. म्हणून तोंड शिवलं. बाजारात चोर म्हणले तरी शिवूनच ठेवलं."

मी उभ्या हयातीत कोर्टात कितीतरी शपथा ऐकल्या, पण इतकं खरं बोललेलं ऐकलं नाही. ही पोर भर बाजारात चोर ठरली, बापाची मान खाली गेली, आणि एका शब्दानं सुटका होत असताना तिनं तो उच्चारला नाही. कुणाचं गुपित? जे मुळात नव्हतंच. मी सरळ उठलो आणि त्या पोरीला हात जोडले. लाज कसली त्यात?

"तुला शंका कवापास्नं?" मी नंतर अंजनाला विचारलं.

"नारळापास्नं. चोर देवाला स्वतःच्या नावानं नारळ फोडतो, ज्याचं चोरलं त्याच्या नावानं न्हाई."

५

पण कोडं सुटलं म्हणून जागा परत येत नव्हती. ती सोनियाच्या नावावर होती आणि होकार द्यायला अजून अवधी होता. फीमाफीसुद्धा तिच्याकडं गेलेली. ती नुसती गप्प बसली असती तरी कायद्यानं तिचं कुणी वाकडं करू शकलं नसतं. वकील म्हणून सांगतो.

सोनियानं विश्वजीतकडं हात पसरला. "दादा, लॅपटॉप द्या."

"काय करतेस?"

"त्यांना लिहिते. बटण सुमैरानं न्हाई, मी दाबलं म्हणून."

विश्वजीत अस्वस्थ झाला. "नीट विचार कर. तू नुसती 'मला जागा नको' म्हणालीस तर ती यादीतल्या तिसऱ्याला जाईल. सुमैराला परत हवी असेल तर खरं सांगावंच लागेल. पण दुसऱ्याच्या खात्यात शिरून नकार दिला म्हटल्यावर ते तुझंही नाव कापतील. कदाचित कायमचं."

"कापू देत."

"थांब!" सुमैरानं लॅपटॉपवर हात ठेवला. "तू जा डब्लिनला. लोकरीचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी बघते माझं काहीतरी."

"काय बघतीस? चाचांचा कळप विकतीस?" सोनियानं तिचा हात बाजूला केला. "तुझी जागा तू मिळवलीस. माझ्याकडं ती चुकून आली. चुकून आलेलं जनावर आमी कळपात ठेवत न्हाई, ज्याचं त्याला नेऊन देतो. विचार माझ्या बाला."

सगळ्यांनी भाऊसोकडं बघितलं. त्या म्हाताऱ्याची पोर आटपाडीच्या माळावरून परदेशात निघाली होती, तेही फी न भरता. त्यानं एकदा वर आढ्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं. "दे नेऊन," तो म्हणाला.

सोनियानं सगळं लिहिलं. मेंढ्या, पट्टा, दोघींचे बाप, दोन्ही बाजूंचा अर्थ. शेवटी लिहिलं की चूक माझी आहे, शिक्षा मला करा, तिला करू नका. आणि पाठवून दिलं.

इलाही उठला आणि उंबऱ्यावर भाऊसोच्या शेजारी, जमिनीवर बसला. "भर बाजारात बोललो," तो म्हणाला. "माफी बी भर बाजारात मागतो. पुढच्या बाजारी, सगळ्यांच्या देखत." भाऊसोनं रहिमतबीकडं हात पुढं केला आणि पाणी मागितलं.

उत्तर आठवड्याच्या शेवटी आलं. सुमैराची जागा फीमाफीसकट तिला परत दिली होती. सोनियाचं नाव यंदाच्या यादीतून काढलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असेल तर आमची हरकत नाही, इतकंच खाली लिहिलं होतं. सुमैरा ते वाचून रडली, सोनिया रडली नाही.

सुमैरा निघाली त्या दिवशी मुंबईची गाडी खंडाळ्यात आमच्या दारासमोर थांबली. नईम निळी सुटकेस डिकीत बसवत होता आणि बसत नव्हती, म्हणून गाडीलाच शिव्या घालत होता. इलाहीला धड बोलता येत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना चहाचा आग्रह करत होता. भाऊसो आणि सोनिया पहाटेच्या एसटीनं आले होते.

दोघी पोरी रस्त्याच्या कडेला गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मी त्याला डोळे वटारले. अंजना चष्मा पुसत होती, म्हणाली डोळ्यात धूळ गेली. मी पण तेच म्हणालो.

"तुझी जागा मी खाल्ली गं," सुमैरा म्हणाली. "तिकडं एकटी जाऊन काय करू मी?"

सोनियानं तिला गाडीत ढकललं, दार लावलं आणि खिडकीतून डोकं आत घातलं.

"काय करू म्हणजे? पोचलीस की शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेव. मी येतेच मागनं."